कंदिलांची मिरवणूक आणि अर्धा झगा

शरद ऋतूचे आगमन झाले, की आपल्या घराघरांतून तेजाच्या उपासनेस आरंभ होतो. नवरात्रातील अखंड नंदादीप, कोजागरीचे चांदणे, दीपावलीच्या पणत्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या दीपमाळेवर उजळणाऱ्या वाती, अशी ही प्रकाशाची परंपरा सुमारे दीड महिना अखंड चालते. कार्तिकमासी उंच जागी लावावयाचा आकाशदीप विष्णुप्रीत्यर्थ आणि पितरांना वाट दिसावी म्हणून असतो, अशी आपली श्रद्धा आहे. नेमक्या याच सुमारास, हजारो कोस दूर, जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या काठी लहान लहान शाळकरी मुले स्वतःच्या हाताने केलेले कंदील घेऊन मिरवणुकीने निघतात. दीपोत्सवाच्या या पानावरून आज त्या मुलांच्या शाळेत क्षणभर डोकावावे, असे आम्ही योजिले आहे.

सुगीची कृतज्ञता

जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया या राज्यात प्राथमिक शाळा चार इयत्तांची असते. सहा ते दहा वर्षांची मुले तेथे शिकतात. या राज्यातील अनेक शाळा सरकारी असूनही कॅथलिक अथवा प्रॉटेस्टंट पंथाच्या तत्त्वांना धरून शिक्षण देतात. अशा शाळांचा शरद ऋतू सुगीच्या कृतज्ञतेने सुरू होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तेथील चर्चमध्ये वेदीपुढे गव्हाच्या ओंब्या, सफरचंदे, भोपळे, बटाटे आणि पाव मांडून ईश्वराचे आभार मानले जातात. मुलेही घरून टोपलीत फळे व भाजी घेऊन येतात.

आपल्याला यात परके असे काय वाटावे? आपल्याच मुंबई-वसईच्या परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करून भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतो. घटाभोवती धान्य रुजत घालणाऱ्या आणि नवान्न पौर्णिमेला नवे धान्य प्रथम देवाला अर्पण करणाऱ्या आपल्या घरांना हा भाव नवा नाही.

वर्गात घडणारे कंदील

सुगीचा सोहळा आटोपला, की वर्गावर्गांतून कंदिलांची धांदल उडते. कोणी फुगवलेल्या फुग्यावर पातळ रंगीत कागदाचे थर चिकटवतो व ते वाळले, की फुगा फोडून पोकळ गोल मोकळा करतो. कोणी काळ्या पुठ्ठ्यात नक्षी कातरून मागून रंगीत पारदर्शक कागद लावतो. आत दिवा ठेवला, की चर्चच्या रंगीत काचांची आठवण व्हावी. सूर्य, चंद्र, तारे, घुबड, मासे, हंस असे नाना आकार होतात. पूर्वी आत मेणबत्ती असे. आता बहुधा काठीच्या टोकाला लहानसा विजेचा दिवा असतो. आई-वडील मदतीस येतात, परंतु कंदील मुलाने करावयाचा, हा दंडक मोडत नाही. कित्येक गावांत मिरवणुकीपूर्वी या कंदिलांचे प्रदर्शन भरते.

हात चालू असताना गुरुजी किंवा बाई कथा सांगतात. ती कथा हाच या उत्सवाचा प्राण होय.

संत मार्टिनची कथा

इसवी सनाच्या चौथ्या शतकात, आजच्या हंगेरीत जन्मलेला मार्टिन नावाचा तरुण रोमन सैन्यात होता. कडाक्याच्या थंडीत तो घोड्यावरून आमियाँ या नगराच्या वेशीपाशी आला, तेव्हा एक भिकारी उघड्या अंगाने कुडकुडत बसलेला त्याला दिसला. येणारे-जाणारे पाहून न पाहिल्यासारखे करीत होते. मार्टिनपाशी द्यावयास द्रव्य नव्हते. त्याने खांद्यावरील झगा काढला, तलवारीने त्याचे दोन भाग केले, अर्धा त्या भिकाऱ्याला दिला आणि उरलेला अर्धा आपण पांघरला. भोवतालचे काहीजण त्याच्या अर्ध्या वस्त्राकडे पाहून हसले. त्या रात्री स्वप्नात त्याला येशू ख्रिस्त दिसला. त्याच्या अंगावर तोच अर्धा झगा होता. विशेष हे, की त्या वेळी मार्टिनचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. दान आधी घडले, दीक्षा मागाहून आली.

पुढे मार्टिन फ्रान्समधील तूर नगरीचा बिशप झाला. हे पद नको म्हणून तो हंसांच्या खुराड्यात लपला आणि हंसांच्या कलकलाटाने सापडला, अशी लोककथा आहे. कंदिलांवर हंस दिसतात ते त्यामुळेच. इ. स. ३९७ मध्ये तो निवर्तला आणि ११ नोव्हेंबरला त्याचे दफन झाले. तोच दिवस त्याचा उत्सवदिन. त्याच्या झग्याला लॅटिन भाषेत ‘कापा’ म्हणत. तो जपून ठेवलेल्या स्थानावरून ‘चॅपेल’ हा शब्द रूढ झाला, असे सांगतात. एका फाटक्या वस्त्राने देवघराला नाव दिले!

ही कथा ऐकताना आमच्या मनश्चक्षूंपुढे नाथमहाराजांची मूर्ती उभी राहते. रामेश्वराच्या अभिषेकासाठी आणलेले गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणाऱ्या एकनाथांना तेथेच रामेश्वर भेटला. देश निराळा, भाषा निराळी; परंतु आर्ताच्या रूपाने येणारा नारायण दोन्हीकडे एकच.

मिरवणूक

मार्टिनदिनाच्या आसपास तेथे सायंकाळी पाचलाच अंधारून येते. शाळेच्या पटांगणात मुले वर्गवार उभी राहतात. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन, सोबत वाद्यपथक आणि मागे डुलणाऱ्या शेकडो कंदिलांची रांग, अशी मिरवणूक गाणी म्हणत गावातून फिरते. अखेरीस मोठी होळी पेटते आणि तिच्या उजेडात झगा वाटून देण्याचा प्रसंग साकार केला जातो. मग मुलांना कणकेचा, मनुकांच्या डोळ्यांचा, मनुष्याकृती गोड पाव मिळतो. पुष्कळ शाळांत एक पाव दोघांत मोडून घेण्याची रीत आहे. सहा वर्षांच्या मुलाला हातचा गोड पाव मोडून अर्धा देताना काय वाटत असेल, हे आयांनी सांगावयास नको! सारा धडा त्या एका क्षणात आहे.

नाव गाळावे काय?

आज या शाळांत इतर धर्मांची मुलेही शिकतात. २०१३ साली त्या राज्यातील एका राजकीय नेत्याने, अन्य धर्मीय मुलांचा विचार करून बालवाड्यांतील या उत्सवातून मार्टिनचे नाव गाळावे व त्याला सूर्य-चंद्र-ताऱ्यांचा उत्सव म्हणावे, अशी सूचना केली. तीवर मोठा गदारोळ झाला. आश्चर्य असे, की जर्मनीतील मुसलमानांच्या एका प्रमुख संस्थेच्या अध्यक्षांनीच त्या सूचनेला विरोध केला आणि मार्टिनचे जीवन मुसलमानांनाही आदर्शवत् आहे, असे सांगितले. त्यांचे म्हणणे आम्हांस मोलाचे वाटते. कथा काढून घेतली, तर हाती उरतो तो केवळ रंगीत कागद. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान तिचे नाव पुसून राखला जात नाही. ते नाव आदराने ऐकून राखला जातो.

आपल्या अंगणात

हे सर्व सांगण्यात आमचा हेतू परक्यांचे गुणगान करून आपल्याकडे न्यून दाखविण्याचा नाही. आपल्या सणांत कथांना आणि दानाला तोटा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी परतफेडीची अपेक्षा न ठेवता योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्री दिलेल्या दानालाच सात्त्विक म्हटले आहे. पण आपणच आपल्या मनाला विचारावे: दारावरचा आकाशकंदील बाजारातून येतो, तो उंच टांगलाही जातो, परंतु तो कोणासाठी लावावयाचा, हे घरातील किती बालकांना ठाऊक आहे? आपल्याकडे नाव कोणी गाळावयास सांगितलेले नाही. सांगावयाचे राहून गेल्यानेच ते गळत चालले आहे.

तेव्हा यंदा एखाद्या संध्याकाळी आजी-आजोबांनी नातवंडांना जवळ घ्यावे. कामट्या, खळ आणि रंगीत कागद पुढे ठेवावा. कंदील वाकडा झाला, तरी मुलाच्याच हातचा असू द्यावा. हात चालू असताना आकाशदीपाचा अर्थ सांगावा, नाथांच्या कावडीची गोष्ट सांगावी. आणि फराळाचे ताट भरले, की त्यातील अर्धा वाटा, उरलेला नव्हे, मुलाच्याच हातून एखाद्या गरजवंताच्या घरी पोहोचवावा. तो कंदील अंगणात लागेल, तेव्हा त्याचा उजेड आपल्या उंबऱ्यापुरता राहणार नाही. सर्व वाचकांना ही दीपावली अशाच प्रकाशाची लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.