आणखी एक बाटली लावण्याआधी बोट दाबा

ताप उतरत नाही, अंग गळून गेले, की हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपुरात काय आणि इतर कुठल्या गावात काय, नातेवाइकांची पहिली मागणी ठरलेली असते : ‘डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या.’ बाटली टांगली, थेंब पडू लागले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, सलाईन हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते.

म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मधली बातमी मला फार महत्त्वाची वाटते. चिलीचे डॉ. ग्लेन हर्नांडेझ यांच्या पुढाकाराने १९ देशांतल्या १,४०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘अँड्रोमेडा-शॉक-२’ अभ्यासात बोटाच्या परीक्षेभोवती उपचार बेतले गेले. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधे यांचा आधार कमी दिवस लागला.

परीक्षा अशी : तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काचपट्टी दाबायची. कातडी पांढरी पडली की दहा सेकंद तशीच धरायची आणि सोडायची. घड्याळाकडे लक्ष ठेवायचे. रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर रक्त बोटापर्यंत नीट पोचत नाही. मात्र उजेड चांगला हवा. हात थंडीने गारठलेला असेल तर फसगत होते.

पण रक्त पोचत नाही म्हणजे सलाईन हवेच, असे नाही. ते दिल्याने हृदय जास्त रक्त ढकलेल का, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी फ्रान्सच्या डॉ. झाँ-लुई तेबूल आणि डॉ. झेवियर मोने यांनी रुळवलेली युक्ती पाहा. अर्धवट बसलेल्या रुग्णाला पाठीवर आडवे करून पाय ४५ अंश उचलायचे. पायांतले सुमारे ३०० मिली रक्त हृदयाकडे धावते. मिनिटभरात हृदयाची फेक वाढली, तर सलाईन उपयोगी पडण्याची शक्यता जास्त. पाय खाली केले की रक्त परत जाते. नुकसान काही नाही. अचूक मोजमापाला सोनोग्राफीसारखे यंत्र लागते, हेही खरे.

सेप्सिसच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागे ३० मिली सलाईन सुचवतात. पन्नास किलोच्या बाईला १,५०० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या. पण २०२१ मध्ये हीच शिफारस सौम्य करण्यात आली. त्याआधी केनिया, युगांडा आणि टांझानियात ३,१४१ आजारी मुलांवरच्या ‘फीस्ट’ अभ्यासाने २०११ मध्ये धक्का दिला होता : झपाट्याने द्रव दिलेल्या मुलांतले ४८ तासांतले मृत्यू सुमारे साडेदहा टक्के, न दिलेल्यांत ७.३ टक्के. त्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर नव्हते. आपल्या ग्रामीण दवाखान्यांनी हा अभ्यास विसरू नये.

आपल्याकडे हा धोका दूरचा नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागाने स्क्रब टायफसचे बळी पाहिले. या आजारात रक्तवाहिन्या गळू लागतात आणि जादा पाणी फुप्फुसांत उतरते. त्यामुळे प्रत्येक बाटलीनंतर श्वासाची गती, ऑक्सिजन, लघवी आणि तेच बोट पुन्हा पाहायला हवे. धाप वाढली तर बाटली थांबवावी. प्रतिजैविक मात्र पहिल्या तासातच द्यावे आणि सेवाग्रामसारख्या मोठ्या रुग्णालयाकडे रुग्ण लवकर हलवावा.

काचपट्टी आणि सेकंदकाट्याचे घड्याळ प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला परवडते. ते वापरण्याचे प्रशिक्षण द्यायलाच हवे. आणि नातेवाइकांनो, ‘आणखी एक बाटली लावा’ म्हणण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा : आधीच्या बाटलीने काय फरक पडला?