कोऱ्या वहीचे पहिले पान

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीची पूजा करतो आणि पाडव्यापासून तिच्यात लिहू लागतो. पुढच्या दिवाळीपर्यंत ती वही भरून गेलेली असते. आपण पांढरपेशे मात्र १ जानेवारीला नवी डायरी उघडतो, पहिल्या पानावर 'आजपासून रोज लिहायचे' असा संकल्प वळणदार अक्षरांत सोडतो, आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत ती डायरी दुधाच्या हिशेबासाठी स्वयंपाकघरात रवाना होते. असे का व्हावे? व्यापारी काही आपल्यापेक्षा मोठा साहित्यिक नसतो!

पुष्कळ वर्षे मी हा दोष वहीवर ढकलला. लहान वही टाकून मोठी घेतली. कापडी बांधणीची घेतली. शाई बदलली, समास आखले, मुखपृष्ठावर स्वतःचे नाव सुबक काढले. अलीकडे तर मोबाईलवर लिहून पाहिले. प्रत्येक नव्या थाटाचा उत्साह पंधरा दिवस टिकला. शेवटी घरातूनच शेरा आला, "अहो, वही बदलली म्हणजे लिहिणारा बदलतो का?"

उत्तर मिळाले ते चंद्रपूरच्या गोलबाजारात, एका म्हाताऱ्या मुनीमजींकडून. ते म्हणाले, "साहेब, आमच्या वहीले रकाने असतात. जमा कुठं अन् नावे कुठं, हे आधीच ठरलेलं असते. राती दुकान बंद करताना फक्त भरायचं."

म्हणजे आमची फसगत कागदाची नव्हती, रकान्यांची होती! काय लिहायचे आणि किती लिहायचे, हे ठरलेच नव्हते. 'सुंदर लिहायचे' हा काही रकाना नव्हे.

या चुकीची किंमत मी मोजली आहे. आरमोरीकडची माझी आत्या दर दिवाळीला आमच्याकडे येई. झाडीपट्टीतले तिचे सारे आयुष्य धानाच्या बांधावर आणि बोडीच्या काठावर गेले. बोडी म्हणजे शेतातले लहानसे तळे. धानाचे जुने वाण, बोडीतले मासे, मोह वेचायला पहाटे कोणत्या वेळी निघावे, रानातली कोणती भाजी कोणत्या पावसानंतर उगवते, हे सगळे तिच्या जिभेवर असे. "लिहून घे रे बाबू, मी का जन्माची पुरणार आहे?" असे ती हसत म्हणे. मी "हो आत्या, या खेपेला नक्की," असे म्हणत राहिलो. तीन वर्षांपूर्वी आत्या गेली. जुनी डायरी काढून पाहिली, तर तिच्या शेवटच्या दिवाळीच्या तारखेला एवढेच होते: 'आत्या आली. फराळ झाला. थंडी बरी आहे.' एका बाईबरोबर एक रान गेले, आणि माझ्या वहीत उरली ती थंडी!

ज्यांनी रकाने आखले, त्यांचे काय झाले, तेही आपल्याच मुलखात पाहावे. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि वनखात्याच्या नोकरीत आले. गडचिरोलीला लागून असलेल्या, पण त्या काळी भंडारा जिल्ह्यात मोडणाऱ्या नवेगावबांधच्या तलावावर त्यांनी बरीच वर्षे काढली. हातातले काम सरकारी, पण रोजच्या पाहण्याची टिपणे मात्र स्वतःची. कोणता पक्षी कधी आला, घरटे कुठे बांधले, आणि गावकरी त्याला काय म्हणतात, हे ते टिपत गेले. रानातल्या माणसांकडून त्यांनी नुसती माहिती घेतली नाही, शब्द घेतले. जिथे शब्द मिळाला नाही तिथे घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' म्हणावे, हे आपल्याला त्यांनीच सांगितले. या टिपणांतूनच 'नवेगावबांधचे दिवस' सारखी पुस्तके, 'पक्षिकोश' आणि 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र उभे राहिले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. पण त्यांचे रान त्यांच्याबरोबर गेले नाही. ते वह्यांत आधीच उतरलेले होते.

लेखकाचे सोडा, असे कुणी म्हणेल. मग डॉ. राणी बंग यांचे 'गोईण' पाहा. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीतल्या बायाबापड्या झाडांविषयी काय सांगतात, ते या पुस्तकात आहे. कुणीतरी विचारले, कुणीतरी सांगितले, आणि कुणीतरी तेव्हाच लिहून घेतले. म्हणून ते आज आपल्या हाती आहे.

आणखी एक उदाहरण तर जिवाशी गाठ असलेले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल करण्याचा प्रयोग केला. काम करणाऱ्या स्त्रिया त्याच गावांतल्या, बेताच्या शिकलेल्या. त्यांना 'बाळाची नीट काळजी घ्या' असे मोघम सांगितले नाही. वजन करा, श्वास मोजा, ताप पाहा आणि लिहा, असे सांगितले. आजार ओळखून उपचार करायलाही शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे जगापुढे ठेवले. यश देखभालीचे आणि उपचारांचे, यात शंका नाही. पण काय पाहायचे हे ठरलेले होते म्हणून ते दिसले, आणि दिसले म्हणून उपाय झाला. लिहिण्याचा रकाना हा पाहण्याचाही रकाना असतो.

तेव्हा यंदा मी वहीचे रूप नव्हे, तिची रचना बदलली आहे. साधी शंभर पानी वही. पानावर तीन रकाने: आज काय पाहिले, कोणी काय सांगितले, कोणता शब्द नवा मिळाला. रोज पाच ओळी, जास्त नाहीत. रात्री जेवण झाल्यावर, अंथरुणावर पडायच्या आधी. एखादा दिवस चुकला तर तारीख घालून जागा कोरी सोडायची. दुसऱ्या दिवशी कल्पनेने भरायची नाही. महिन्याच्या शेवटी त्या नोंदींतून एक लेख, दोन पानांचा. म्हणजे पुढच्या दिवाळीला बारा लेख. छापून येवोत न येवोत, घरच्या मुलांना वाचायला तरी होतील.

संकल्प लहान वाटतो, पण भरण्याजोगा आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपत येते, गावोगाव मंडई भरते, रात्ररात्र नाटके रंगतात. मार्चमध्ये मोह गळू लागेल, मे महिन्यात तेंदूपाने तोडणारांची लगबग सुरू होईल, आणि पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदी पुलावर चढेल. वर्षभराची सामग्री दारात येऊन उभी आहे. पाच ओळींना तोटा कसा पडावा?

तुमच्या घरी जंगल नसेल, पण आत्या असेल, आजी असेल, पंचाहत्तरीतले काका असतील. फराळाचे ताट पुढे करताना एक वही जवळ ठेवा आणि एकच गोष्ट विचारा. "मग लिहितो" असे मात्र म्हणू नका.

माझ्या नव्या वहीची पहिली नोंद झाली आहे. दुसरा रकाना आत्याच्या थोरल्या सुनेने भरला: सासूबाई बोडीकाठी काय काय वेचत. तिला पाच नावे आठवली. सहावे आठवेना. "आत्याबाईंना ठाऊक होते," ती म्हणाली.

त्या जागी मी तारीख घातली आणि ओळ कोरी सोडली.