घरच्या ध्वनिमुद्रणाला कोणता मायक्रोफोन?

आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, असे तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आलेच असेल. दुकानात गेलात, की डायनॅमिक आणि कंडेन्सर असे दोन प्रकारचे मायक्रोफोन पुढे येतात. 'कंडेन्सर घ्या, तो जास्त संवेदनशील,' असे दुकानदार सांगतो. ते खोटे नाही. पण तेवढ्यावर निवड करावी काय?

आधी दोघांच्या पोटात डोकावू. डायनॅमिकमध्ये पातळ पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या फटीत असते. आवाजाने पडदा हलला की वेटोळे हलते व त्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. मात्र वेटोळ्याचे ओझे वाहणाऱ्या पडद्याला फार जलद कंपने नीट झेपत नाहीत.

कंडेन्सरमध्ये हे ओझे नाही. धातूचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा पडदा आणि त्यामागची स्थिर पट्टी मिळून विद्युत धारित्र बनते. पडदा हलला की दोहोंतील अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युतदाबही. यासाठी बाहेरून वीज पुरवावी लागते, बहुधा ४८ व्होल्टची. सेसलर आणि वेस्ट यांनी १९६२ साली विद्युतभार कायम धरून ठेवणारा पातळ पडदा वापरून मायक्रोफोन बनवला. कंडेन्सर स्वस्त झाले ते त्यामुळे.

आता माझी फजिती सांगतो. उसना आणलेला कंडेन्सर मी गाणाऱ्यापासून चार हातांवर ठेवला. ऐकतो तो काय, पंख्याची घरघर आणि कुकरची शिट्टी! मी मायक्रोफोनला दोष दिला. तो बिचारा निर्दोष होता. संवेदनशीलता वाढली की गाणे आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात. त्यांचे प्रमाण बदलत नाही. ते बदलते अंतराने. अंतर दुप्पट केले की थेट येणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र खोलीभर जवळजवळ तेवढाच राहतो. डायनॅमिकमध्ये गोंगाट कमी येतो असे म्हणतात, त्याचे मुख्य कारण तो तोंडाजवळ धरतात हे आहे.

म्हणून आजी मायक्रोफोनजवळ बसून गाणार असेल, तर साधा डायनॅमिक पुरे. जाते ओढतानाच गाणार असेल, तर तो दूर ठेवावा लागेल. तिथे डायनॅमिकचा क्षीण संकेत फार वाढवावा लागतो व त्यात खरखर मिसळते. मग कंडेन्सर बरा. मात्र पंखा बंद करा आणि भिंतींवर गोधड्या टांगा.

खरेदीपूर्वी मोबाइलवरच प्रयोग करा. त्यातला मायक्रोफोनही बहुधा कंडेन्सरच्याच जातीचा असतो. एक वीत, दोन विती आणि चार विती अंतरावरून तेच वाक्य मुद्रित करून ऐका. फोन तोंडासमोरून किंचित बाजूला धरा, नाहीतर 'प' आणि 'फ' म्हणताना हवेचे फटके ऐकू येतील.