मेल येतो, मग जात का नाही?

आमच्या गटानं पापडाचं दरपत्रक मेलनं पाठवलं, निदान तसं वाटलं. मुदत उलटल्यावर कळलं, ते आउटबॉक्समध्येच पडून होतं!

आउटलुक असो की थंडरबर्ड, येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे सर्व्हर वेगळे असतात. म्हणून मेल येत राहतो नि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. जाणाऱ्या मेलच्या सेटिंगला एसएमटीपी म्हणतात. जीमेलसाठी तिथं पोर्ट ५८७ असेल तर स्टार्ट-टीएलएस हवं, ४६५ असेल तर एसएसएल. ही जोडी चुकली की मेल अडकलाच.

पडद्यावर सूचना आली की घाईनं ‘ओके’ दाबू नका, आकडा वहीत उतरवा. ५३५ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला. घरात कुणी मोबाइलवर पासवर्ड बदललाय का, ते आधी विचारा; आमच्याकडे तेच झालं होतं! ५५० बहुतेकदा चुकलेल्या पत्त्याचा, ५५२ जड मेलचा. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून जात नाही. फोटो लहान करा.

आणि मेल ‘सेंट’मध्ये दिसल्याशिवाय संगणक बंद करू नका.