आडवी बाटली आणि पांढरी फीत

दारूविरुद्ध ख्रिस्ती स्त्रियांची संघटित चळवळ अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, 1873 च्या नाताळात सुरू झाली. हिल्सबरो या छोट्या गावातल्या बायका एलायझा थॉम्पसन यांच्या मागे चर्चमधून निघाल्या आणि गुत्त्यांच्या दारात गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. नवऱ्याने मजुरी पिऊन संपवली तरी बायकोला दाद मागायला जागा नव्हती, मताचा अधिकारही नव्हता. चारचौघांत आवाज चढवला तरी कुणी बोट दाखवणार नाही, असे एकच ठिकाण तिच्याजवळ होते, ते म्हणजे प्रार्थना. काही महिन्यांत हे लोण शेकडो गावांत पोचले. गुत्ते बंद झाले आणि बरेचसे पुन्हा उघडलेही.

प्रार्थनेने बंद झालेले दार बंदच ठेवायचे तर संघटना हवी, म्हणून 1874 मध्ये क्लीव्हलँड येथे ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ स्थापन झाली. छातीवर पांढरी फीत आणि दारूला न शिवण्याची लेखी शपथ, ही तिची ओळख. 1879 मध्ये फ्रान्सिस विलर्ड अध्यक्ष झाल्या आणि संघटनेची दिशा पालटली. दारूचे दुकान राहावे की जावे हे ठरवताना बाईलाही मत असले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी इलिनॉय राज्यात या मागणीच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. कायदेमंडळाने तो मान्य केला नाही. घर राखण्यासाठी मत हवे, हा युक्तिवाद मोठा धूर्त होता. स्त्रियांच्या मताधिकाराला बिचकणाऱ्या देवभीरू बायकाही त्यामुळे राजकारणात आल्या.

1884 मध्ये मेरी लेव्हिट युनियनचा प्रचार करत जगप्रवासाला निघाल्या आणि भारतातही येऊन गेल्या. मराठी मुलखाशी खरा दुवा जुळला तो मात्र पंडिता रमाबाईंमुळे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे विलर्ड यांच्याशी स्नेह जडला आणि युनियनने भारतातल्या कामाची जबाबदारी रमाबाईंवर सोपवली. 1889 मध्ये निघालेल्या त्यांच्या अमेरिकेवरच्या मराठी प्रवासग्रंथात या संघटनेविषयी आदराने लिहिले आहे. दारूबंदीपेक्षाही बायका सभा भरवतात, हिशेब ठेवतात, वर्गणी गोळा करतात, याचे त्यांना अप्रूप अधिक होते. परतल्यावर त्यांची शक्ती शारदा सदनात आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये खर्ची पडली. त्यांच्या सहकारी सुंदराबाई पवार यांनी इंग्लंडमध्ये जाऊन भाषणे केली ती सरकारच्या अफूच्या व्यापाराविरुद्ध.

युनियन इथे मोजक्या ख्रिस्ती वर्तुळाबाहेर फारशी पसरली नाही, यात नवल नाही. दारू वर्ज्य मानणाऱ्या हिंदू-मुसलमान घरांना शपथेचे नावीन्य नव्हते. शिवाय अबकारीचा पैसा ज्या सरकारच्या तिजोरीत जाई, ते सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचेच होते. मराठवाड्यात निजामी अंमल होता, पण अबकारीची गोडी त्यालाही कमी नव्हती. ठेक्याने दारू विकण्याच्या पद्धतीतला ‘गुत्ता’ भाषेत असा मुरला की इकडे रस्ता बांधणारा ठेकेदारही गुत्तेदारच! 1930 च्या कायदेभंगात दारूच्या दुकानांवर निदर्शने करायला बायका उतरल्या तेव्हा त्यांच्यामागे चर्च नव्हते, गांधी होते.

अमेरिकेत 1920 मध्ये लागू झालेली दारूबंदी 1933 मध्ये उठली. विलर्ड यांची जुनी मागणी मात्र महाराष्ट्रात 2008 च्या शासन आदेशाने जवळजवळ जशीच्या तशी उतरली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरसारख्या तेलंगण सीमेजवळच्या तालुक्यातल्या परवानाधारक देशी दारूच्या दुकानालाही हाच नियम आहे. हातभट्टीला परवानाच नसल्याने ती या मतदानात येत नाही. तिथे काम पोलिसांचे आणि उत्पादन शुल्क खात्याचे. शिवाय बहुमत मोजले जाते ते एकूण महिला मतदारांच्या संख्येवर, झालेल्या मतदानावर नव्हे. म्हणून त्या दिवशी रोजावर गेलेली किंवा ऊसतोडीला परगावी असलेली बाई, तिच्या मनात काहीही असले तरी, उभ्या बाटलीच्याच बाजूला पडते.