तांदळातील खनिजे : खत, खाचर आणि गिरणी

भात हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्या कुटुंबांच्या ताटात जस्त व लोह किती पडते, हा आरोग्याचा प्रश्न आहे. जस्ताच्या अभावी मुलांची वाढ खुंटते आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. सेंद्रिय तांदळात ही खनिजे हमखास अधिक असतात, असा समज आढळतो. तो कितपत खरा आहे?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सेंद्रिय अन्न लक्षणीयरीत्या अधिक पोषक असल्याचा सबळ पुरावा त्यांना मिळाला नाही. २०१४ च्या दुसऱ्या एका आढाव्यात मात्र सेंद्रिय धान्यांत कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला.

खाचरातील घडामोडी

खाचरात पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो. लोह विरघळून मुळांना सहज मिळते. जस्त मात्र मातीत अडकून राहते. भाताच्या 'खैरा' रोगाचे मूळ जस्ताच्या उणिवेत आहे, हे पंतनगर येथे डॉ. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले. स्फुरदाच्या अतिरेकी मात्रेने ही उणीव वाढते. उलट शेणखत, कंपोस्ट व गिरिपुष्पाच्या पाल्यातील द्रव्ये जस्त विद्राव्य ठेवण्यास साहाय्य करतात. परंतु जमिनीतच जस्त नसेल, तर तेथील पेंढ्यावर पोसलेल्या जनावरांच्या शेणातही ते अल्पच असणार. अशा जमिनीस झिंक सल्फेटची जोड द्यावी लागते.

वाण आणि सडणी

वाणाचा प्रभावही मोठा असतो. प्रचलित वाणांच्या पॉलिश केलेल्या तांदळात जस्त दर दशलक्ष भागांत सुमारे १२ ते १६ भाग असते. २०१६ साली प्रसारित झालेल्या 'डीआरआर धान ४५' या वाणात ते २२.६ भाग आहे. लोह मुख्यतः दाण्याच्या बाह्य थरात असते. त्यामुळे तांदूळ शुभ्र करण्याच्या हव्यासात शेतात कमावलेले बरेचसे लोह गिरणीच्या कोंड्यात जाते.

सारांश, केवळ 'सेंद्रिय' वा 'रासायनिक' या नावावरून दाण्याची पोषकता ठरत नाही. मृद आरोग्य पत्रिकेत जस्त व लोहाची नोंद असते. ग्रामपंचायतींनी तिचे वाचन ग्रामसभेत घडवून आणावे आणि शिक्षकांनी हातसडीच्या तांदळाचे महत्त्व विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचवावे. माती, वाण आणि सडणी या तिन्हींकडे लक्ष दिले, तरच शेतातील खनिज ताटापर्यंत पोचेल.