पात्याचे पाणी

मे महिन्यात शिबिराला जायचे म्हणून आमच्या नातीला खिशात मावणारा चाकू हवा होता. फळ कापायला, दोरी तोडायला, पाकीट फोडायला. तिने नावांची यादीच पुढे केली : चारशे वीस, चारशे चाळीस सी, डी-टू. "आबा, यातलं कुठलं पोलाद घेऊ? आणि आपल्या जालन्यात एवढं पोलाद होतं, मग इथलाच चाकू का नाही मिळत?"

प्रश्न बिनतोड होता. नवीन जालन्यातल्या आमच्या गच्चीवरून औद्योगिक वसाहतीचा धूर दिसतो. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याची सळई होते. पण सळईचे पोलाद वेगळे. घराच्या स्लॅबमध्ये ती वाकली तरी चालेल, तुटता कामा नये. म्हणून तिच्यात कार्बन फार तर 0.3 टक्के असतो. चाकूच्या पात्याला तो अर्ध्या टक्क्यापासून पुढे लागतो. कार्बन पुरेसा असेल तरच पाते कडक होते आणि धार धरते. गंमत अशी, की ट्रकचे जुने पाटे चाकूला उत्तम, आणि तेही भंगारात येऊन त्यांची सळईच होते.

मग आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन चाकू मांडले. पहिला जत्रेतला, चकचकीत. पोलाद कुठले, ते त्यावर लिहिलेले नाही. दुसरा स्विस बनावटीचा, लाल मुठीचा. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का आणि क्रोमियम चौदा-पंधरा टक्के. तिसरा माझा, ट्रकच्या पाट्याचा, बाभळीच्या मुठीत दुमडणारा.

परीक्षा आपल्या मातीतली घेतली. मोसंबी कापली आणि पाती तशीच अर्धा तास ठेवली. पाट्याच्या पात्यावर निळे-काळे डाग पडले, फोडीलाही लोखंडाची चव आली. बाकीची दोन जशीच्या तशी. ही क्रोमियमची करामत. 1913 साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने बारा-तेरा टक्के क्रोमियमचे पोलाद केले, तेव्हापासून सुऱ्या-काट्यांचा गंज सुटला. क्रोमियममुळे पात्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतो आणि तोच गंजापासून राखतो.

मग काथ्याची दोरी घेतली. पंचवीस तुकड्यांत जत्रेतला चाकू घसरू लागला. स्विस थोडा मंदावला. पाट्याचा मात्र कापतच राहिला. निसण्यावर घासल्यावर स्विस आणि पाट्याचा पाच-दहा मिनिटांत पुन्हा तयार. नातीच्या यादीतले डी-टू याहून जास्त दिवस धार टिकवते, कारण त्यात कार्बन दीड टक्क्याच्या घरात असतो. पण तितकेच ते घरच्या निसण्याला दाद देत नाही, आणि पिळले तर धारेचा टवका उडू शकतो. म्हणजे धार, गंज आणि चिवटपणा या तिघांत एकाला जास्त दिले, की दुसऱ्याचे थोडे कमी होते. बँकेत असतो तर याला ताळेबंद म्हटले असते.

पण पोलादाचे नाव म्हणजे निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी म्हणजे त्याला दिलेले पाणी. 1956 पर्यंत जालना ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याच राज्यातल्या कोनासमुद्रमला एके काळी मुशीत पोलाद पिकवत. इराणी व्यापारी ते न्यायला येत. असल्या हिंदुस्थानी पोलादाचे 1819 साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेने पृथक्करण केले. तिकडच्या लोहारांनी मात्र त्याला आपल्या सवयीचा कडक ताव दिला, तेव्हा ते घणाखाली फुटले. माल अव्वल, पण हाताळणी चुकली.

हे मी पुस्तकात नंतर वाचले. आधी पाहिले ते 1986 साली कुंडलिकेच्या काठी, एका घिसाड्याच्या पालापाशी. बायको भाता ओढत होती. त्याने पाते लाल करून तेलात बुडवले, घासून उजळले, मग पुन्हा मंद आचेवर धरले. पात्यावर गव्हाळ रंग चढताच झटकन बाजूला घेतले. म्हणाला, "सायेब, नुसतं कडक केलं तर मोडतंय. थोडं नरमावं लागतंय."

तो आदल्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर बसून गेला होता. नवा भाता आणि ऐरण घ्यायला पाचशे रुपयांचे कर्ज हवे होते. अर्जात 'कायमचा पत्ता' असा रकाना होता. त्याला पत्ता नव्हता. तारण विचारले, तर म्हणाला, "हे हात." मी नियमाप्रमाणे अर्ज परत केला. मग पालावर जाऊन बारा रुपयांना हा चाकू घेतला, बहुधा मनाच्या समाधानासाठी. त्याने अर्जाचा विषयही काढला नाही. पुढच्या आठवड्यात पाल उठले होते.

तेव्हा नोटांच्या गड्ड्यांना जाड पिना मारत. 2001 साली रिझर्व्ह बँकेने त्या बंद करायला लावल्या. तोवर पंधरा वर्षे याच चाकूने मी पिना उचकटत होतो. टोक कधी मोडले नाही. आपल्या भाषेत माणसाचेही पाणी जोखतात. माझा तर पगारच त्यासाठी होता. त्या एका माणसाचे पाणी पंधरा वर्षे माझ्या खिशात होते, आणि अर्जावर ते लिहायला रकाना नव्हता.

नातीला मी सांगितले, शिबिरात पाऊस-घाम असतो, पुसायला वेळ नसतो, तर स्विसच ने. अडीच इंचांचे पाते पुष्कळ झाले. मोठी नावे नकोत, घरी धार लावता येईल ते पोलाद घ्यावे.

तिने मान डोलावली. पण रात्री पाहिले, तर पाट्याच्या चाकूवरचे मोसंबीचे डाग राखेने घासून, कोरडे करून, त्याला खोबरेलाचे बोट लावत बसली होती. म्हणाली, "आबा, हा घरी आल्यावर माझा."